तिकीट कोणाला मिळणार?

१९२० च्या फेब्रुवारीत ओहायोतल्या हॅरी डॉहर्टी या मुरलेल्या राजकारण्याने पत्रकारांसमोर एक भाकीत केलं. रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन जूनमध्ये शिकागोला भरायचं होतं. डॉहर्टी ज्यांचा प्रचार सांभाळत होता, ते सिनेटर वॉरन हार्डिंग शर्यतीत बरेच मागे होते. डॉहर्टीचं म्हणणं असं, की अधिवेशनात कोंडी होईल, बडे उमेदवार एकमेकांची वाट अडवून बसतील, आणि मग पहाटे दोनच्या सुमाराला दहा-पंधरा दमलेली माणसं एका खोलीत टेबलाभोवती बसून हार्डिंगचं नाव पुढे करतील. जूनमध्ये जवळपास तसंच झालं. ब्लॅकस्टोन हॉटेलातल्या एका खोलीत रात्री उशिरापर्यंत खलबतं चालली, दुसऱ्या दिवशी दहाव्या फेरीत हार्डिंगना उमेदवारी मिळाली आणि नोव्हेंबरात ते अध्यक्षपदी निवडून आले. त्या खोलीचा वाटा नेमका किती, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण अमेरिकेतल्या उमेदवारीबद्दल इतकं नेमकं भाकीत पुढे क्वचितच कोणी केलं असेल.

डॉहर्टीकडे ना सर्वेक्षण होतं, ना संख्याशास्त्र. निर्णय कोण घेणार आणि कोणत्या अवस्थेत घेणार, एवढं त्याला माहीत होतं. गेल्या शंभर वर्षांत हे भाकीतशास्त्र किती पुढे गेलं याची चर्चा होते, तेव्हा मला डॉहर्टी आठवतो. कारण या काळातली बहुतेक मोठी भाकितं गणितात चुकली नाहीत. निर्णय घेणारा कोण, हे ओळखण्यात ती चुकली.

आपल्याकडे विधानसभेचं किंवा लोकसभेचं तिकीट पक्षश्रेष्ठी देतात. बंडखोरी होते, नाराजी होते, पण यादी वरूनच येते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुधारकांनी वेगळा विचार मांडला. पक्षाचा उमेदवार पक्षाच्या सामान्य मतदारांनी मत देऊन निवडावा, म्हणजे धनदांडगे आणि पक्षातले दलाल यांची सद्दी संपेल, असं त्यांना वाटत होतं. यातून प्रायमरी आली. पण ती आली म्हणून लगेच सत्ता हलली नाही. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमऱ्या जिंकल्या, विद्यमान अध्यक्ष टाफ्ट यांच्या ओहायोतसुद्धा. उमेदवारी मात्र टाफ्टनाच मिळाली. १९५२ मध्ये एस्टीस केफॉवर यांनी न्यू हॅम्पशरमध्ये खुद्द अध्यक्ष ट्रुमन यांना हरवलं आणि पुढे बहुतेक प्रायमऱ्या जिंकल्या. डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारी दिली ती अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांना. अशा काळात प्रायमरीचा निकाल अचूक सांगता आला, तरी उमेदवार कोण होणार हे सांगता येत नव्हतं.

म्हणूनच १९६० चं वेस्ट व्हर्जिनिया मला महत्त्वाचं वाटतं. जॉन केनेडी कॅथलिक होते. कॅथलिक माणूस अध्यक्ष होऊ शकतो यावर पक्षातल्या धुरिणांचा विश्वास नव्हता. म्हणून केनेडींना असं राज्य हवं होतं, जिथे कॅथलिक जवळजवळ नाहीतच आणि तरीही आपण जिंकलो असं दाखवता येईल. त्यांच्यासाठी लुई हॅरिस सर्वेक्षणं करत. १९५९ च्या डिसेंबरात हॅरिस यांच्या पाहणीत वेस्ट व्हर्जिनियात केनेडी ७० आणि ह्यूबर्ट हम्फ्री ३० असं चित्र होतं. त्या भरवशावर केनेडी तिथे उतरले. मतदानाला तीनेक आठवडे उरले असताना पुन्हा पाहणी झाली, तर आकडे पार उलटलेले: हम्फ्री ६०, केनेडी ४०. मधल्या काळात काय झालं, याचं उत्तर स्थानिक कार्यकर्त्यांनी दिलं. डिसेंबरात लोकांना केनेडी कॅथलिक आहेत हे माहीत नव्हतं, आता कळलं होतं.

डिसेंबरची पाहणी खोटी नव्हती. लोकांनी प्रामाणिक उत्तरं दिली होती. फक्त ते मत अजून घडायचं होतं. सार्वत्रिक निवडणुकीत बहुतेक मतदारांच्या मताला पक्षाचा आधार असतो. डेमोक्रॅट घरातला माणूस उमेदवार कोणीही असो, बहुधा डेमोक्रॅटलाच मत देतो. प्रायमरीत तो आधार नसतो, कारण सगळे उमेदवार एकाच पक्षाचे. उरतात ओळख, धर्म, प्रदेश, कालची सभा, शेजाऱ्याचं बोलणं. मग मतदानाच्या दिवशी, १० मे १९६० ला, काय झालं? केनेडी स्वतः निराश होते. त्या संध्याकाळी ते वॉशिंग्टनमध्येच थांबले आणि वेळ घालवायला चित्रपट पाहायला गेले. ते जवळपास ६१ टक्के मतांनी जिंकले होते. हम्फ्री यांनी त्याच रात्री माघार घेतली.

त्या वर्षीही शेवटचा निर्णय अधिवेशनातल्या धुरिणांचाच होता. वेस्ट व्हर्जिनियाच्या मतदारांनी त्यांना पुरावा दिला, इतकंच. ही व्यवस्था १९६८ मध्ये कोसळली. त्या मार्चमध्ये न्यू हॅम्पशरमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांना सुमारे ४९ टक्के आणि व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातले सिनेटर युजीन मॅकार्थी यांना ४२ टक्के मतं मिळाली. जॉन्सन यांचं नाव मतपत्रिकेवरही नव्हतं, लोकांनी ते हाताने लिहून मत दिलं होतं. तरी देशभर हा त्यांचा पराभव मानला गेला, आणि महिन्याच्या अखेरीस त्यांनी माघार जाहीर केली. पुढे उमेदवारी मिळाली ती एकही प्रायमरी न लढलेल्या हम्फ्रींना. शिकागोच्या रस्त्यांवर पोलीस निदर्शकांना झोडपत असताना सभागृहात ही निवड झाली. त्या जखमेतून मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग आला आणि १९७२ पासून अधिवेशनातले प्रतिनिधी मुख्यतः प्रायमरी आणि कॉकस (पक्षाच्या स्थानिक सभा) यांतूनच ठरू लागले. आता खोलीतल्या पंधरा माणसांना विचारून भागणार नव्हतं.

पण ४९ टक्के मिळवूनही जॉन्सन हरले, हे कसं? कारण त्यांच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा होती. १९७२ मध्ये हेच पुन्हा घडलं. डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतले एडमंड मस्की शेजारच्या मेन राज्याचे. त्यांच्याच प्रचारातल्या लोकांनी न्यू हॅम्पशरमध्ये निम्म्याहून अधिक मतांची अपेक्षा बोलून दाखवली होती. मस्कींना ४६ टक्के मिळाले, मॅकगव्हर्न यांना ३७. जिंकले मस्की, बातमी झाली मॅकगव्हर्न यांची, आणि शेवटी उमेदवारीही त्यांनाच मिळाली. इथून भाकिताचं स्वरूप बदललं. ते निकालाच्या बाहेर उभं राहून पाहत नव्हतं, निकालाचा अर्थ तेच ठरवू लागलं होतं. १९८४ मध्ये गॅरी हार्ट आयोवात वॉल्टर माँडेल यांच्या खूप मागे, पण दुसरे आले. अपेक्षेपेक्षा बरं झालं, एवढ्यावर आठ दिवसांत त्यांनी न्यू हॅम्पशर जिंकलं. राज्यशास्त्रज्ञ लॅरी बार्टल्स यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात ही लाट कशी उठते आणि विरते, ते उलगडून दाखवलं. उमेदवाराला संधी आहे असं दिसलं, की लोक त्याच्याबद्दल ऐकतात, ऐकलं की आवडू लागतो, आणि आवडणारे वाढले की संधी वाढते.

मला वाटतं, या साऱ्या प्रवासातला हा सर्वांत खोल शोध आहे, आणि तो पुरेसा पचवला गेला नाही. प्रायमरीतला मतदार केवळ आपली आवड सांगत नाही. आपला माणूस नोव्हेंबरात टिकेल का, बाकीचे मतदार कोणाकडे झुकतायत, हे तो मनाशी जोखत असतो. तो स्वतःच भाकीत करत असतो. त्याच्या हाती दुसऱ्याचं भाकीत दिलं, की त्याचं मत बदलू शकतं, आणि मग त्या भाकितालाच अर्थ उरत नाही.

२००८ चं वर्ष या दृष्टीने फार बोलकं आहे. आयोवात बराक ओबामा जिंकले आणि पाच दिवसांनी न्यू हॅम्पशर होतं. सर्वेक्षणांची सरासरी ओबामांना आठेक टक्क्यांची आघाडी देत होती. हिलरी क्लिंटन अडीच टक्क्यांहून थोड्या अधिक फरकाने जिंकल्या. त्याच दिवशी, त्याच राज्यात रिपब्लिकन पक्षाची सर्वेक्षणं मात्र नीट बसली होती. अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेने तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिला एकच एक कारण सापडलं नाही. शेवटच्या क्षणी बदललेली मतं, फोनवर सहज न सापडणारे मतदार, अशा अनेक गोष्टी एकत्र आल्या होत्या.

त्याच मोसमात दुसरी वाटही दिसली. फेब्रुवारीत ओबामांच्या प्रचारातला एक तक्ता चुकून पत्रकारांच्या हाती गेला. पुढच्या राज्यांत काय होईल याचे अंदाज त्यात होते, आणि बहुतेक राज्यांबद्दल ते खरे ठरले.  ओबामांच्या माणसांना प्रतिनिधींचं गणितही कळलं होतं. डेमोक्रॅटिक पक्षात प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जातात. म्हणून छोट्या आयडाहोतल्या कॉकसमध्ये ओबामांनी १५ विरुद्ध ३ प्रतिनिधी मिळवले आणि १२ ची आघाडी कमावली. क्लिंटन यांनी भलंमोठं न्यू जर्सी जिंकून मिळवलेली आघाडी ११ ची होती. नेट सिल्व्हर हा तरुण संख्याशास्त्रज्ञही त्याच वसंतात लोकसंख्येच्या घडणीवरून नॉर्थ कॅरोलायना आणि इंडियानाचे अंदाज करून प्रसिद्धीला आला. हे जमलं, कारण क्लिंटन आणि ओबामा यांच्या मतदारांची घडण तोवर पक्की झाली होती. मत घडल्यावर गणित चालतं.

याच वर्षी चार राज्यशास्त्रज्ञांचं ‘द पार्टी डिसाइड्स’ हे पुस्तक आलं. खोल्या गेल्या तरी पक्ष गेला नाही, मतदानाआधीच राज्यपाल, खासदार, कार्यकर्ते कोणाला पाठिंबा देतात त्यावरून उमेदवार ठरतो, असा त्याचा सिद्धांत. म्हणजे डॉहर्टीची खोली मोठी होऊन देशभर पसरली होती. हा सिद्धांत पटण्याजोगा होता, कारण नुसत्या सुरुवातीच्या आकड्यांनी अनेकदा दगा दिला होता. २००७ मध्ये बहुतेक काळ रिपब्लिकनांत रुडी ज्युलिआनी पुढे होते, आणि त्यांना एकही राज्य जिंकता आलं नाही.

म्हणूनच २०१५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प पाहण्यांत पुढे दिसू लागले तेव्हा तज्ज्ञांनी आकडे बाजूला ठेवले. त्या ऑगस्टमध्ये सिल्व्हर यांनी ट्रम्प यांच्या उमेदवारीची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास धरली. जेब बुश यांच्या पाठीशी पक्षातली वजनदार माणसं आणि दहा कोटी डॉलरहून मोठा निधी होता. ते साउथ कॅरोलायनानंतर बाहेर पडले. पुढच्या मे महिन्यात सिल्व्हर यांनी जाहीर कबुली दिली, की तो आकडा कुठल्याही गणितातून आला नव्हता, आपण टीव्हीवरच्या पंडितांसारखे वागलो. अशी कबुली देणारे थोडे असतात, म्हणून मला तिचं मोल वाटतं. त्याआधी मार्च २०१६ मध्ये मिशिगनमध्येही सर्वेक्षणांनी डेमोक्रॅटांत क्लिंटन यांना वीसेक टक्क्यांची आघाडी दिली होती, आणि बर्नी सँडर्स जिंकले. २००८ मध्ये मिशिगनची प्रायमरी नियमभंगामुळे वादात सापडली होती आणि ओबामांचं नाव मतपत्रिकेवर नव्हतं. त्यामुळे मतदानाला नेमकं कोण येईल, हे जोखायला चांगला जुना आधारच नव्हता.

याच मिशिगनशी मराठी वाचकाचं एक नातं आहे. बेळगावचे श्री ठाणेदार २०१८ मध्ये तिथल्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत तिसरे आले. २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या प्रायमरीत ते एक तृतीयांशाहूनही कमी मतांवर जिंकले, कारण रिंगणात बरेच उमेदवार होते. मतं इतकी विभागली जातात, तिथे विजेत्याचं नाव आधी सांगणं किती अवघड, हे आपल्याला बहुरंगी लढतींच्या अनुभवावरून समजू शकतं.

२०२० मध्ये मतदाराचं भाकीत उघडपणे समोर आलं. ट्रम्पना हरवू शकेल असा उमेदवार हवा, मग मुद्द्यांवर थोडे मतभेद असले तरी चालतील, असं बहुसंख्य डेमोक्रॅट मतदार सांगत होते. जो बायडेन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशरमध्ये पाचवे आले आणि अनेकांनी त्यांना निकालात काढलं. मग साउथ कॅरोलायनाचे खासदार जिम क्लायबर्न यांनी पाठिंबा दिला. २९ फेब्रुवारीला बायडेन ४८ टक्क्यांहून अधिक मतांनी जिंकले. दोन दिवसांत पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार यांनी माघार घेतली, आणि ३ मार्चला बायडेन यांनी, फारसा प्रचार न केलेलं मॅसॅच्युसेट्ससुद्धा घेतलं. तीन दिवसांत इतकी मतं हलली, कारण लाखो लोक एकमेकांकडे पाहत थांबले होते. साउथ कॅरोलायनाने त्यांना उत्तर दिलं. तिथले ज्येष्ठ कृष्णवर्णीय मतदार कोणत्याही प्रतिमानापेक्षा शहाणे ठरले, असं मी मानतो. डॉहर्टीसारखंच त्यांनाही निर्णय घेणारी माणसं ठाऊक होती, कारण ती माणसं ते स्वतःच होते.

२०२४ मध्ये बायडेन यांनी जवळपास सगळ्या प्रायमऱ्या जिंकल्या आणि २१ जुलैला माघार घेतली. उमेदवारी मिळाली कमला हॅरिस यांना. त्या २०१९ च्या डिसेंबरातच, पहिलं मत पडण्याआधी, शर्यतीतून बाहेर पडल्या होत्या. निवडणुकांची भाकितं करायला सिल्व्हर यांनी उभी केलेली ‘फाइव्हथर्टीएट’ ही संस्था मार्च २०२५ मध्ये तिच्या मालकांनी बंद केली.

२०२८ ची शर्यत जवळ आली की आकडे पुन्हा येतील, आपल्या वर्तमानपत्रांतही येतील. ते वाचताना कोण पुढे आहे हे पाहण्याआधी ‘अजून ठरवलेलं नाही’ हा रकाना पाहा. तो मोठा असेल, तर त्या दिवसापुरतं बाकीच्या रकान्यांवर फार विसंबू नका.