पहिल्या मीटिंगचं दार

दारू सोडायची इच्छा, एवढीच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेत येण्याची अट; फी नाही, आडनावाची सक्ती नाही. तरी दारात पाय अडतो. कुणी ओळखीचं भेटलं तर? भेटलंच, तर तोही बहुधा त्याच कारणासाठी आलेला! दुसरी शंका जास्त रास्त: बेवड्यानं बेवड्याला काय शिकवायचं? पण १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी शेअरबाजारातला एक माणूस आणि एक सर्जन, दोघेही व्यसनी, एकमेकांशी बोलत सावरले, आणि तिथूनच ही संघटना सुरू झाली. उपचारांवरच्या अभ्यासांच्या २०२०च्या कॉक्रेन आढाव्यातही, या वाटेला पद्धतशीर लावलेल्यांत दारूपासून पूर्ण दूर राहणारे इतर उपचार घेतलेल्यांपेक्षा जास्त दिसले. डॉक्टर मात्र हवाच. रोज पिणाऱ्यानं एकाएकी थांबणं जिवावर बेतू शकतं. बोलायचं नसेल, तर मागच्या खुर्चीवर चहाचा कप धरून नुसतं ऐकावं. तेही चालतं.