सटवाईचा कागद

भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याचा गाळप हंगाम ऐन भरात होता. बीडकडून आलेल्या एका कोयत्यातली पोर सातव्या महिन्यातही उसाच्या मोळ्या वाहत होती. उचल फिटायची होती, थांबणार कशी? एका पहाटे फडातच कळा सुरू झाल्या. १०८ ने बारामती गाठली आणि मुलगी झाली. वजन १,६०० ग्रॅम. तिला नवजात बाळांच्या कक्षात ठेवलं. त्याच कक्षात इंदापूरच्या एका बागायतदाराचा नातूही होता, १,७०० ग्रॅमचा.

दुसऱ्या दिवशी मुलीचा श्वास दोनदा थांबला. डॉक्टरीणबाई रक्त घेऊ लागल्या तशी मुलीची आजी कळवळली. "वंजळीएवढं लेकरू, त्याच्यातलं बी रगत काढता व्हय?"

"आजी, दिवस न भरलेल्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. पहिल्या तीन दिवसांत त्या फुटायची भीती जास्त. मेंदूला इजा झाली की तिथली काही प्रथिनं रक्तात उतरतात. ती वाढलेली दिसली तर आपल्याला लवकर सावध होता येतं."

एस-१००-बी हे त्यांतलंच एक प्रथिन. टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत काही दिसण्याआधीही ते वाढू शकतं. पण नवजात बाळांत ते मुळातच जास्त असतं, शरीरातल्या चरबीतूनही येतं. म्हणून एवढ्या एका आकड्यावर कुणी निकाल देत नाही. ही तपासणी अजून बव्हंशी संशोधनातच आहे. बाळ वाचवतात ती रोजची साधी कामं: ऊब, आईचं दूध, रक्तातल्या साखरेवर आणि काविळीवर नजर.

पाचव्या रात्री आजीनं खोपीत पाटा-वरवंटा पुजला, सटवाईनं लेकराचं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद नि पेन ठेवलं. दुसऱ्या दिवशी अहवाल आले. मुलीचं प्रथिन वाढलेलं, सोनोग्राफीत छोटा रक्तस्रावही दिसत होता. बागायतदाराच्या नातवाचं सगळं ठीक. त्यांच्याकडे पेढे वाटले गेले.

आजी उठली. "सटवाईनं लिव्हलं तेच तुमच्या कागदावर उतरलं. आता हितं बसून काय करायचं? फडावर तरी जाऊ."

डॉक्टरीणबाईंनी तिला हाताला धरून बसवलं. "पुण्याच्या केईएममध्ये डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन किलोंखालची बाळं अठरा वर्षांची होईपर्यंत तपासली. १९८७ ते १९८९ मधली बाळं. फार कमी वजनाची मुलं बुद्धीत इतरांच्या थोडी मागे राहिली, पण त्यांची सरासरी सामान्य मर्यादेतच होती. हे आधी कोणत्या कागदावर लिहिलं होतं? या अहवालात लेकराचं भविष्य नाही, आपलं काम लिहिलंय."

त्या दिवसापासून मुलगी आईच्या उघड्या छातीशी बांधलेली असायची. आई दमली की आजी स्वतः चोळीची बटणं सोडून बसायची. हंगाम संपून गावी निघताना आजीनं दवाखान्याची फाईल भाकरीच्या फडक्यात बांधून घेतली. बीडच्या जिल्हा रुग्णालयात तिनं एकही तारीख चुकवली नाही. मुलीचा डावा हात उजव्यापेक्षा कमी चालतो हे सहाव्या महिन्यात कळलं. व्यायाम सुरू झाला. दीड वर्षाची झाल्यावर ती चालायला लागली. हात अजून थोडा कमजोर आहे, पण त्या हातानं ती भाकरीचा तुकडा धरते.

बागायतदाराच्या घरी गाडी होती, बारामती तासाभरावर होती. अहवाल चांगला आला होता, म्हणून पुन्हा कुणी गेलं नाही. मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा त्याला ऐकूच येत नसल्याचं कळलं. रक्ताच्या त्या तपासणीत कान कळतच नाहीत. त्यासाठी वेगळी तारीख दिलेली होती. बोलणं शिकण्याची पहिली, सगळ्यात मोलाची वर्षं तशीच गेली. त्या घरात माया कमी होती असं मी म्हणणार नाही. त्यांनी एका चांगल्या कागदावर सगळा भार टाकला.

तुमच्या घरात किंवा आळीत दोन किलोंखालचं बाळ असेल, तर अहवाल कसाही असो, तीस दिवसांच्या आत त्याचे डोळे तपासून घ्या, कान तपासून घ्या, आणि पहिल्या सहा आठवड्यांत आशाताई दारात आल्या की त्यांना आत घ्या.