उतारवय आणि सेवाधर्म : काही शंका, काही समाधाने

शंका : अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणाऱ्या सुनेच्या मनात ‘देवाने आता यांना सोडवावे’ असा विचार वारंवार येतो. हा विचार पाप ठरतो काय?

समाधान : भागवताच्या पहिल्या स्कंधात परीक्षिताने कलीला जीवदान का दिले याचे कारण सांगताना असे म्हटले आहे की, कलियुगात सत्कर्माचे फळ केवळ संकल्पानेही मिळते, दुष्कर्माचे मात्र ते प्रत्यक्ष केल्यावरच मिळते. संकल्प म्हणजे मनाने केलेला निश्चय. आणि थकलेल्या मनात उठून विरून जाणारी ही इच्छा निश्चयाच्या पायरीपर्यंतही पोचलेली नसते. रात्री दोन वाजता उठून जी सासूची कूस बदलते, ओले डायपर काढून अंग कोरडे करते आणि माकडहाडाजवळची कातडी लाल तर झाली नाही ना हे बॅटरीच्या उजेडात पाहते, तिच्या मनातील ‘सुटका’ या शब्दात सासूच्या वेदना थांबाव्यात ही इच्छा आणि स्वतःच्या झोपेची आस एकमेकींत मिसळलेल्या असतात, आणि त्या दोहोंतही द्वेष नसतो. म्हणून हा विचार पाप नव्हे.

दोष शोधायचाच असेल तर तो अन्यत्र शोधावा लागतो. ज्या पुंडलिकाच्या मातृपितृसेवेमुळे विठ्ठल पंढरपुरी विटेवर उभा राहिला अशी श्रद्धा महाराष्ट्राने शतकानुशतके जपली, तो पुंडलिक मुलगा होता, सून नव्हे. कावडीतून आईवडिलांना तीर्थयात्रेला नेणारा श्रावणही मुलगाच होता. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी व कल्याणासाठी 2007 साली झालेल्या कायद्यातही ‘अपत्ये’ या शब्दाच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू व नात यांचा उल्लेख आहे, सुनेचा नाही. असे असूनही घरोघरी शी-शू काढण्याचे काम ‘बाईचे’ मानून सुनेकडे सरकवले जाते आणि मुलगा औषधांचे बिल भरून कर्तव्यातून मोकळा होतो, ही रीत श्रद्धेलाही धरून नाही आणि कायद्यालाही. मुलाने रात्रीची एक पाळी स्वतःकडे घ्यावी, लेकीने काही दिवस येऊन राहावे, परवडत असेल तर दिवसपाळीला आयाबाई ठेवावी, आणि सुनेला महिन्यातून काही दिवस पूर्ण विश्रांती मिळावी. ही व्यवस्था झाली की सुनेच्या मनातील तो विचार पुष्कळदा आपोआप मागे सरतो, कारण त्याचे मूळ बहुधा थकव्यात असते.

शंका : वडिलांना वृद्धाश्रमात ठेवणे हा अधर्म आहे काय?

समाधान : या प्रश्नाचे उत्तर जागेवरून ठरत नाही, निर्णय कोणी घेतला यावरून ठरते. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे की, गृहस्थाला आपल्या अंगावर सुरकुत्या पडलेल्या व केस पांढरे झालेले दिसू लागले आणि नातवाचे तोंड पाहून झाले, म्हणजे त्याने वनाचा आश्रय घ्यावा. हाच वानप्रस्थाश्रम, म्हणजे संसाराचा कारभार पुढच्या पिढीकडे सोपवून त्यातून बाहेर पडण्याची अवस्था. म्हणजे म्हातारपणी घर सोडणे परंपरेला परके नाही. परंतु तेथे घर सोडणारा स्वतः पाऊल उचलतो, त्याला कोणी पोचवून येत नाही.

महाभारतातील आश्रमवासिक पर्व या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. भारतीय युद्धानंतर धृतराष्ट्र पंधरा वर्षे पांडवांच्या आश्रयाला राहिला. खाण्यापिण्यात, वस्त्रांत आणि मानात त्याला काही कमी पडू नये अशी युधिष्ठिराची सक्त ताकीद होती, आणि राज्यकारभारातही पांडव त्याची अनुमती घेत असत. आंधळ्या, पराभूत, शंभर पुत्र गमावलेल्या वृद्धाला विचारल्यावाचून काही करायचे नाही हा युधिष्ठिराचा नियम त्याने पाठवलेल्या उंची वस्त्रांपेक्षा अधिक मोलाचा होता. तरीही धृतराष्ट्र अखेर वनात निघून गेला, कारण भीम इतर भावांच्या नकळत, पण धृतराष्ट्र व गांधारी यांच्या कानांवर पडेल असे, दंड थोपटून आपल्या याच बाहूंनी त्यांचे पुत्र मारले गेल्याची बढाई मारीत असे. पंधरा वर्षांची चोख व्यवस्था त्या शब्दांपुढे टिकली नाही. धृतराष्ट्राने वनात जाण्याची परवानगी मागितली तेव्हा युधिष्ठिर ती देईना. व्यासांनी समजावल्यावर त्याने ती दिली. त्यानंतर कुंती धृतराष्ट्र व गांधारी यांच्या सेवेसाठी त्यांच्याबरोबर निघाली आणि मुलांनी कितीही विनवले तरी मागे फिरली नाही. येथे राजवाड्यात राहूनही एका वृद्धाचा अपमान झाला आणि दुसऱ्या वृद्धेने स्वतःच्या निर्णयाने वनवास पत्करला. सुख कोणत्या छपराखाली आहे हे दोन्ही ठिकाणी छपराने ठरवले नाही.

आजच्या घरांना हीच कसोटी लावता येते. मुले परगावी किंवा परदेशी असतील, वडिलांना दिवसभर परिचारिकेची गरज असेल, किंवा सूनमुलाशी रोज खटके उडण्यापेक्षा समवयस्कांत पत्ते कुटत राहणे त्यांनाच पसंत असेल, तर त्यांनी जागा स्वतः पाहून, तेथील जेवण चाखून, खोलीत कोण सोबती असेल हे विचारून घेतलेला निर्णय अधर्म नव्हे. उलट, ‘चार दिवस राहून बघा’ असे सांगून न्यायचे आणि परत आणायचेच नाही, ही फसवणूक आहे, मग ती जागा कितीही स्वच्छ व महागडी असो. आश्रमात ठेवल्यावरही महिन्याचे पैसे ऑनलाइन पाठवून कर्तव्य संपत नाही. भेटीचा वार ठरवून द्यावा आणि तो पाळावा, कारण म्हातारे माणूस त्या वाराची वाट पाहते. घरातील लग्नकार्य, श्राद्धपक्ष आणि दागिन्यांची किंवा जमिनीची उस्तवार यांबाबत त्यांचा सल्ला पूर्वीप्रमाणेच घेतला जावा.

शंका : स्मृतिभ्रंश झालेली आई रोज संध्याकाळी, दहा वर्षांपूर्वी वारलेल्या वडिलांची वाट पाहते. ‘ते येतीलच’ असे सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे काय?

समाधान : स्मृतिभ्रंश, ज्याला लोक आता डिमेन्शिया या नावानेच ओळखतात, हा मेंदूच्या पेशींचा ऱ्हास करणारा विकार आहे, त्यात बहुधा अलीकडची आठवण आधी पुसली जाते आणि जुनी अधिक काळ टिकते. त्यामुळे आईसाठी वडिलांचा मृत्यू घडलेलाच नसतो, आणि ‘अहो, बाबा गेले ना’ असे सांगणे म्हणजे तिला दर संध्याकाळी नव्याने विधवा करणे होय. ती रडते, तासाभरात ते विसरते, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. अशा सत्यातून तिच्या हाती ज्ञान काहीच उरत नाही, दुःख मात्र रोज येते.

सत्याच्या मर्यादेचा विचार महाभारतकारांनीही केला आहे. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतात. सदैव सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या त्या तपस्व्याने, दरोडेखोरांनी विचारताच, जीव वाचवण्यासाठी वनात लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा सांगून टाकला, ती माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. शब्दशः खरे असलेले प्रत्येक वाक्य धर्म्य असतेच असे नाही, असा त्या कथेचा रोख आहे. तथापि यावरून आईला हवे ते खोटे सांगावे असेही निष्पन्न होत नाही. ‘सहाच्या गाडीने येतील’ असे सांगितले तर ती साडेसहाला दार उघडून रस्त्यावर जाईल, आणि मग घरच्यांना एका खोट्यावर दुसरे रचावे लागेल. खोटे आणि क्रूर सत्य यांच्यामध्ये तिसरी वाट असते, आणि ती म्हणजे प्रश्नामागच्या भावनेला उत्तर देणे. ‘बाबांची आठवण येतेय का? त्यांना चहात आलं लागायचं ना?’ असे विचारले की आई बाबांविषयी बोलू लागते, आणि पुष्कळदा वाट पाहण्याची तगमग त्या बोलण्यातच निवते. संध्याकाळी अशा रुग्णांची अस्वस्थता अधिक वाढते, म्हणून दिवेलागणीपूर्वीच घरात भरपूर उजेड करावा, टीव्हीवरील कर्कश बातम्या बंद ठेवाव्यात, आणि वाती वळणे, शेंगा सोलणे, मेथी निवडणे यांसारखे सवयीचे काम तिच्या हाती द्यावे. पाने नीट निवडली गेली नाहीत तरी ती तिच्यासमोर पुन्हा निवडू नयेत.

‘माझ्या पाटल्या हिनेच घेतल्या’ असा आळ सुनेवर किंवा आयाबाईवर येतो तेव्हाही हेच तत्त्व लागू पडते. आळ हा त्या विकाराचा भाग असतो, स्वभावाचा नव्हे. म्हणून वाद न घालता ‘चला, आपण दोघी शोधू’ म्हणणे आणि दागिने आधीच सुरक्षित ठेवून एखादी साधी जोडी तिच्या डब्यात राहू देणे हिताचे असते. एक सावधगिरी मात्र बाळगलीच पाहिजे. विसर हळूहळू वाढत न जाता आई एक-दोन दिवसांत एकाएकी बरळू लागली, तर तो ‘वयाचा परिणाम’ समजून स्वस्थ बसू नये. लघवीतील जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे किंवा नव्याने सुरू झालेले एखादे औषध यांमुळेही असे होते, आणि ते वेळीच उपचार झाल्यास बहुधा आटोक्यात येते.

शंका : ब्याऐंशी वर्षांचे वारकरी आजोबा मधुमेह असूनही एकादशी सोडायला तयार नाहीत. त्यांना रोखावे की त्यांची श्रद्धा जपावी?

समाधान : येथे शास्त्र घरच्यांच्या बाजूला आहे, हे त्यांना बहुधा ठाऊक नसते. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 च्या सुमारास रचलेल्या ‘धर्मसिंधु’सारख्या निबंधग्रंथांत, म्हणजे अनेक स्मृतींतील वचने एकत्र करून निर्णय देणाऱ्या ग्रंथांत, एकादशीच्या उपवासाची सक्ती आठ वर्षांनंतर आणि ऐंशी पूर्ण होईपर्यंतच सांगितली आहे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, हेही परंपरेने मान्य केलेले आहे. ही गोष्ट मुलाने दटावून सांगण्याऐवजी ज्यांच्या शब्दाला आजोबा मानतात अशा कीर्तनकाराने किंवा दिंडीतील जुन्या सोबत्याने सांगितली, तर ती पटण्याचा संभव अधिक. वैद्यकीय धोका दोन बाजूंनी असतो. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन पोट रिकामे ठेवले तर साखर एकदम खाली जाऊन शुद्ध हरपू शकते, आणि साबुदाण्याची खिचडी भरपेट खाल्ली तर ती झपाट्याने चढते, कारण साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून औषधाची मात्रा ठरवावी, ताक, दूध आणि थोडी राजगिऱ्याची भाकरी ठरलेल्या वेळी द्यावी, आणि हरिपाठ, भजन व जागर मुळीच बंद करू नयेत.

शंका : ज्या वडिलांनी दारू पिऊन आईला मारहाण केली आणि मुलांना उघड्यावर टाकले, त्यांचीही सेवा करणे बंधनकारक आहे काय?

समाधान : वसिष्ठ धर्मसूत्रात पतित पित्याचा त्याग करण्यास अनुमती आहे, आई मात्र मुलाच्या दृष्टीने कधीच पतित होत नाही, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे पित्याच्या आचरणाचा विचारच करू नये असे परंपरा म्हणत नाही. असा पिता निराधार झाला तर त्याला अन्न, औषध आणि निवारा मिळेल एवढे पाहावे. प्रेम मात्र कोणी कोणावर लादू शकत नाही, आणि जुन्या जखमा असलेल्या मुलाने, विशेषतः मुलीने, त्याची अंगसेवा स्वतः करावी असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

शंका : हयातीत मालमत्ता मुलांच्या नावे करू नये, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. पोटच्या मुलांवर असा अविश्वास दाखवणे योग्य आहे काय?

समाधान : मृत्युपत्र केल्याने कोणावरही अविश्वास दाखवला जात नाही. बक्षीसपत्राने मालकी तत्काळ हस्तांतरित होते, तर मृत्युपत्र करणाऱ्याच्या निधनानंतरच अंमलात येते आणि हयातीत कितीदाही बदलता येते. त्यासाठी स्टॅम्प पेपर लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही, मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. बक्षीसपत्रच करायचे असेल, तर सांभाळ करण्याची अट दस्तातच स्पष्ट लिहावी. 2007 च्या कायद्याच्या कलम 23 नुसार अशी अट मोडल्यास हस्तांतर रद्द होऊ शकते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 च्या एका निकालात ती अट असल्याचे सिद्ध होणे आवश्यक मानले. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या दिशेने उदारपणे लावला असला, तरी लिहिलेली अट हाच पक्का आधार होय. निर्वाहासाठीचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो. त्यासाठी वकिलाची गरज नसते आणि महिन्याला कमाल 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता ठरवता येतो. तेथवर पोचणे ज्यांना शक्य नाही त्यांच्यासाठी 14567 हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

शंका : बरे होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर नको म्हणणे, ही आत्महत्या किंवा हत्या ठरते काय?

समाधान : मृत्यू ओढवून आणणे आणि येऊ घातलेल्या मृत्यूला यंत्रांनी लांबवत न बसणे, यांत भेद आहे, आणि तो श्रद्धेनेही केला आहे व कायद्यानेही. विनोबा भावे यांनी 1982 च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी, पवनारच्या आश्रमात अन्न व औषधे घेणे थांबवले आणि 15 नोव्हेंबरला देह ठेवला. त्यांच्या त्या वागण्याकडे लोकांनी आदराने पाहिले. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र वैध मानले. असे इच्छापत्र म्हणजे भविष्यात स्वतःचा निर्णय सांगता येणार नाही अशी अवस्था आल्यास कोणते उपचार नकोत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवणे. जानेवारी 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी झाली, आणि आता न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ते करता येते. प्रत्यक्ष निर्णय घेताना रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे पहिले मंडळ आणि त्यानंतर दुसरे मंडळ, अशा दोन्ही मंडळांची संमती लागते. विषारी इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे मात्र आजही गुन्हाच आहे.

असे इच्छापत्र नसले की अतिदक्षता विभागाच्या दारात मुले एकमेकांकडे पाहत उभी राहतात. परगावाहून आलेला मुलगा ‘सगळे करा’ म्हणतो, वर्षभर सेवा केलेली मुलगी गप्प राहते, आणि ज्यांच्याविषयी हा निर्णय व्हायचा त्यांना विचारण्याची वेळ टळून गेलेली असते. म्हणून हे बोलणे वृद्ध हिंडतेफिरते असतानाच व्हावे, आणि ते बहुधा वृद्धांनीच सुरू करावे, कारण मुलांच्या तोंडी तो विषय अभद्र वाटतो. उपचार थांबवणे म्हणजे काळजी थांबवणे नव्हे, हेही त्याच बैठकीत स्पष्ट करून घ्यावे; वेदना, धाप आणि घाबरेपणा कमी करणारी उपशामक सेवा अखेरच्या श्वासापर्यंत चालू ठेवता येते आणि पुष्कळ ठिकाणी ती घरीही मिळू शकते. इच्छापत्रात निर्णयासाठी एकाहून अधिक विश्वासू व्यक्तींची नावे घालावीत, एक प्रत नेहमीच्या डॉक्टरांकडे द्यावी, आणि मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये न ठेवता घरातच, सर्वांना ठाऊक असलेल्या कपाटात ठेवावा, कारण अशी गरज बहुधा रात्री-अपरात्री पडते.