जरेतला दोष कुणाचा?

आईला आता बारीक टाइप दिसत नाही. त्यामुळे ज्ञानेश्वरी मी वाचते आणि ती ऐकते. तेराव्या अध्यायात जरेचं वर्णन आलं की माझा आवाज आपोआप खाली जातो. जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि व्याधी यांत दुःख आणि दोष पाहणं हे गीतेने ज्ञानाचं लक्षण म्हणून सांगितलं आहे. समोर भिंतीला टेकून, गुडघ्यांवर शाल घेऊन ८४ वर्षांची आई बसलेली असताना तिला म्हातारपणातला दोष कोणत्या तोंडाने वाचून दाखवायचा? आणि दोष असेलच, तर तो आहे कुणाचा?

या प्रश्नाचा मागोवा घेत मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. फलटणच्या परिसरात अनेक वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर लॉस एंजेलिसमधल्या एका विद्यापीठाच्या वार्धक्यशास्त्राच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. माझा वर्ग सकाळी साडेसहाला सुरू होतो, तेव्हा तिकडे आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. हिवाळ्यात त्यांची घड्याळं तासभर मागे जातात आणि मला तेवढा वेळ जास्त मिळतो.

दोष हा शब्द मला अभ्यासात पहिल्यांदा भेटला तो प्रयोगशाळेत. अॅलेक्सिस कॅरेल या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने १९१२ साली कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाची ऊती काचपात्रात वाढवायला घेतली आणि पेशी मुळात अमर असतात असं मत रूढ झालं. पुढे जवळजवळ अर्धशतक, कुणाच्याही काचपात्रातल्या पेशी वाढायच्या थांबल्या की दोष त्या संशोधकाचा मानला जाई. पोषक द्रावण बिघडलं असेल, हाताळणीत चूक झाली असेल, असं धरून चालत. १९६१ साली फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी हा समज मोडला. अनेकदा विभागून थकत आलेल्या पुरुषाच्या पेशी आणि ताज्या स्त्रीपेशी त्यांनी एकाच पात्रात मिसळल्या. द्रावण तेच आणि हातही तेच. काही काळाने पाहिलं तर पुरुषपेशी संपल्या होत्या आणि स्त्रीपेशी वाढत होत्या. माणसाच्या गर्भातून घेतलेल्या पेशी साधारण पन्नास वेळा विभागतात आणि थांबतात. दोष पात्राचा नव्हता, ती मर्यादा पेशींच्या आतच होती.

हे शिकले त्या दिवशी मला फार शांत वाटलं. आईचं थकणं म्हणजे कुणाची चूक नाही. कुठल्या औषधात कमी पडलो, कुठे दुर्लक्ष झालं, ही टोचणी थोडी सैल झाली. शरीराला त्याची सीमा आहे आणि ती मान्य करणं यात हार नाही, असं मी वहीत लिहून ठेवलं.

पण पुढच्याच सत्रात एक गृहपाठ आला. आपल्या ओळखीतल्या एका वृद्ध व्यक्तीसाठी सिडनी कॅट्झ यांची मोजपट्टी भरायची. १९६३ सालापासून जगभर वापरली जाणारी ही पट्टी अगदी साधी आहे. आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून-खुर्चीतून उठणं-बसणं, मलमूत्रावर ताबा आणि जेवण या सहा गोष्टी ज्याच्या त्याला करता येतात का, एवढंच विचारायचं. येत असेल तर एक, नसेल तर शून्य. मी आईसमोर बसून भरत गेले. आंघोळीपाशी शून्य लिहिलं.

"शून्य का गं?" आईने विचारलं.

"न्हाणीघरात मी हात धरून नेते ना तुला."

"नेतेस. पण आंघोळ माझी मीच करते. तो उंबरा तेवढा चढवत नाही."

मी उठून उंबरा पाहिला. वीतभर उंचीचा दगड, वडिलांनी बांधकामाच्या वेळी बसवलेला, बाहेर पाणी येऊ नये म्हणून. बाजूची भिंत गुळगुळीत, धरायला काही नाही. तीन वर्षं मी रोज तिचा हात धरून तिला त्या दगडावरून आत नेत होते आणि त्याला सेवा म्हणत होते. त्याच वेळी आम्हाला पॉवेल लॉटन आणि ल्युसिल नहेमो यांचा १९७३ सालचा विचार शिकवला जात होता. माणसाची क्षमता एकटी मोजता येत नाही. भोवतालचं घर, रस्ता, जिना तिच्याकडून किती मागतो, तेही सोबत मोजावं लागतं.

वेल्डिंगवाल्याकडून दोन दांडे आणून भिंतीत पक्के बसवले. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या उंचीची पायरी करून घेतली. आत बसायला न घसरणारी खुर्ची ठेवली. पंधरा दिवसांत आई एकटी जाऊ लागली. तेच गुडघे, तेच वय, पण शून्याचा एक झाला.

मग कळलं ते जास्त लागलं. आईचा सगळा जन्मभराचा नेम असा की पहाटे आंघोळ झाल्याशिवाय हरिपाठ म्हणायचा नाही. माझी झोप मोडू नये म्हणून ती तीन वर्षं माझी वाट पाहत बसत होती आणि हरिपाठ नऊ-साडेनऊपर्यंत लांबत होता. तक्रार एकदाही केली नाही. "आता वय झालं," एवढंच म्हणायची, आणि मी मान हलवायची. आम्ही दोघींनी मिळून ज्याला वयाचा भोग म्हटलं, तो एक वीत दगड होता.

माझ्यापुरता प्रश्न इथे सुटू लागला. जे पेशीत लिहिलेलं आहे ते नम्रपणे स्वीकारणं हा धर्म. पण जे आपल्याच बांधकामात, वेळापत्रकात, सवयीत आहे, त्याला प्रारब्ध म्हणून मोकळं होणं हा अधर्म आहे. या दोन्हींची गल्लत करणारा स्वीकार कितीही सात्त्विक दिसला तरी तो आळसच. आपल्याकडे विवेक म्हणतात तो नेमका इथे लागतो.

मग गीतेतल्या दोषाचं काय? मी तो भाग पुन्हा वाचला, या वेळी आवाज न उतरवता. जे इतकी वर्षं नजरेतून निसटलं होतं ते दिसलं. ज्ञानदेवांच्या वर्णनात ज्ञानी पुरुष दुसऱ्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवत नाही. तो स्वतःच्या आजच्या धडधाकट शरीराकडे पाहतो आणि उद्या हे वाळलेल्या काचरीसारखं होईल असं स्वतःला सांगतो. हे लिहिलं गेलं शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. जन्माचं रूढ साल धरलं तर लिहिणारा पंधरा वर्षांचा होता आणि सहा वर्षांनी त्याने आळंदीला समाधी घेतली. जे म्हातारपण त्याला कधी येणार नव्हतं, ते त्याने आपलं म्हणून पाहिलं.

ययातीने नेमकं उलट केलं. आपली जरा त्याने पुरूच्या अंगावर टाकली. आपणही रोज तेच करतो. म्हातारी माणसं ही जणू निराळी जात आहे आणि आपण त्यात नाही, असं वागतो. रॉबर्ट बटलर या अमेरिकन डॉक्टरांनी १९६९ साली वयावरून होणाऱ्या या भेदाला नाव दिलं. जरेत दोष पाहायचा तो स्वतःच्या तारुण्याची घमेंड उतरवण्यासाठी. तो दुसऱ्याच्या सुरकुत्यांत पाहिला की त्याचा तिरस्कार होतो. गीतेच्या त्या यादीत ज्ञानाचं पहिलं लक्षण मानीपणा नसणं हे का आहे, ते मला आता समजतं.

गृहपाठाला जोडून मी ती पट्टी स्वतःसाठीही भरली. सहापैकी सहा. मग पंचवीस वर्षांनंतरची माझी म्हणून पुन्हा भरली आणि घरभर फिरले. तीन उंबरे अजून तसेच आहेत.

हल्ली पहाटे पाचला न्हाणीघरात बादलीची कडी वाजते. मला जाग येते, पाय अंथरुणाबाहेर जाऊ पाहतात. मी त्यांना आवरते. दांड्यावर हात पडल्याचा आवाज येतो, मग पाण्याचा, आणि थोड्या वेळाने पलीकडच्या खोलीतून हरिपाठाचा. तो संपेपर्यंत मी पडून ऐकते आणि मग वर्गाच्या तयारीला उठते.