दुखऱ्या अंगाची झोप

फायब्रोमायल्जिया झालेल्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा मिळणारा सल्ला एकच: "शांत झोप काढ, बरं वाटेल." सल्ला खरा आहे, पण तो चुकीच्या माणसाला दिला जातो. या आजारात झोप लागत नाही, लागली तर टिकत नाही आणि टिकली तरी अंगी लागत नाही. अशा माणसाला झोप काढ म्हणणं म्हणजे तापाने फणफणलेल्याला गार हो म्हणण्यासारखं आहे. मी नाशिकच्या पंचवटीत राहते आणि हा आजार बरीच वर्षं अंगावर वागवते आहे. आजारी माणूस एकट्याच्या जोरावर ही झोप परत आणू शकत नाही, तिच्यासाठी घराला आणि थोडं गावालाही हलावं लागतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

आजार दिसत नाही, हीच पहिली अडचण. रक्त तपासा, एक्स-रे काढा, सगळं ठीक येतं. सांधे सुजत नाहीत, झिजत नाहीत. दुखण्याचे संदेश हाताळणारी मज्जासंस्थाच हळवी झालेली असते, म्हणून साधा दाबही दुखतो. 1990 साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने निदानाची कसोटी ठरवली, तेव्हा अंगावरच्या 18 ठरावीक जागांपैकी 11 जागा दाबल्यावर दुखल्या पाहिजेत, असं होतं. 2010 मध्ये ती कसोटी बदलली, आणि सकाळी उठल्यावर ताजंतवानं न वाटणं हे आजाराचं एक मुख्य लक्षण म्हणून तिच्यात आलं. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. रात्रभर अंथरुणात असूनही सकाळी कुणीतरी कुटून काढल्यासारखं अंग घेऊन उठणाऱ्या बाईला, हे तुझ्या आजारातच आहे, असं वैद्यकाने तेव्हा लेखी सांगितलं.

त्याच्या पस्तीस वर्षं आधी टोरांटोत हार्वे मॉल्डोफ्स्की यांनी एक प्रयोग केला होता. अशा रुग्णांच्या मेंदूचा झोपेतला आलेख काढला, तर गाढ झोपेच्या संथ लहरींमध्ये जागेपणाच्या लहरी घुसलेल्या दिसत होत्या. मग त्यांनी धडधाकट माणसं घेतली. त्यांना पूर्ण जाग न आणता, आवाज करून फक्त त्यांची गाढ झोप काही रात्री मोडली. त्या माणसांचीही अंगं दुखू लागली, दाबल्यावर जागा हुळहुळू लागल्या. मनासारखं झोपू दिल्यावर हे दुखणं ओसरलं. पुढे असं दिसलं की त्या लहरी प्रत्येक रुग्णात सापडत नाहीत आणि निरोगी माणसांतही कधीकधी सापडतात, त्यामुळे आजाराचं मूळ एवढ्यावर ठरत नाही. पण झोप मोडली की अंग दुखतं, ही दिशा मात्र पक्की झाली. नॉर्वेमध्ये हजारो स्त्रियांचा दहाएक वर्षं मागोवा घेतला, तेव्हा ज्यांना आधीपासून झोपेची तक्रार होती त्यांच्यात हा आजार पुढे जास्त आढळला. आपल्याकडे चरकसंहितेने, आलेली झोप अडवली तर काय होतं ते सांगताना जांभया आणि डोळ्यांच्या जडपणासोबत अंगमर्द, म्हणजे अंग मोडून येणं, हेही नोंदवलेलं आहे.

एवढं असूनही घरात उलटंच बोललं जातं. "विचार फार करतेस, म्हणून झोप नाही." "दिवसभर काम केलंस तर आपोआप लागेल." दुखण्यामुळे झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेमुळे दुसऱ्या दिवशीचं दुखणं वाढतं, हे चक्र आहे. त्यात विचार येतात ते बहुतेक वेळा मागाहून.

पंचवटीतली रात्र कशी असते ते सांगते. काळाराम मंदिराच्या मागच्या गल्ल्यांत घरं एकमेकांना चिकटून आहेत. रात्री उशिरापर्यंत मालेगाव स्टँडकडून गाड्यांचे हॉर्न येतात. अकरा-साडेअकराला पोटऱ्यांमध्ये रग भरते, पाय वळवळायला लागतात. मग ओढणी घट्ट पिळून पोटरीभोवती बांधायची, ही इथल्या कितीतरी बायकांची रीत आहे. मीही बांधते. एक कूस झाली की खांदा ठणकतो, दुसरी केली की कंबर. दीड-दोनला डोळा लागतो, आणि थोड्याच वेळात पहाट होते. नळाला पाणी आलं की पिंप भरायला कुणीतरी उठायचं असतं, आणि ते कुणीतरी कोण हे घरात कधी ठरवावं लागत नाही. त्यातच काकडआरतीची घंटा. रामकुंडाकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या चपला दाराशी वाजत असतात.

या गावाला जागरणाचं अप्रूप आहे, आणि ते मलाही आहे. वनवासात लक्ष्मणाने डोळ्याला डोळा लावला नाही, तो पर्णकुटीबाहेर पहारा देत राहिला, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण त्याच लोककथेत पुढे असंही आहे की त्याच्या वाटची झोप अयोध्येत ऊर्मिलेने घेतली. चौदा वर्षं जागायचं तर ती झोप कुणालातरी भरून द्यावी लागते, हे कथा रचणाऱ्यांनाही मान्य होतं. आमच्या घरांत पहाटे पाण्यासाठी उठणारीच्या वाटची झोप कुणी घेत नाही. ती बुडते.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते. नेहमीच्या झोपेच्या गोळ्यांनी तास वाढतात, पण त्यांतल्या बऱ्याच गोळ्या ज्या संथ, गाढ झोपेची आपल्याला गरज असते तीच कमी करतात, आणि सवय लागते ती वेगळीच. रात्री कमी मात्रेत दिलेलं अमिट्रिप्टिलिन काहींना उपयोगी पडतं, तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यावं. त्याआधी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं ही एक. दुसरी ही वळवळणाऱ्या पायांची. शरीरातलं लोह कमी असेल तर ती वळवळ वाढते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. पोटरीला ओढणी बांधणाऱ्या बाईची फेरिटिनची, म्हणजे लोहाच्या साठ्याची, तपासणी व्हायला हवी. बहुतेकींची ती कधी होत नाही.

निद्रानाशावर सगळ्यात भरवशाचा उपाय गोळीबाहेरचा आहे. 2016 साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने सांगितलं की जुन्या निद्रानाशात आधी वर्तनोपचार द्यावेत, गोळ्यांचा विचार मग. हे उपचार समजायला सोपे, करायला अवघड. उठायची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेली तरी. अंथरुणात जायचं ते फक्त झोपायला. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, पेंग आली की परत यायचं. आणि सगळ्यात विचित्र वाटणारी गोष्ट म्हणजे अंथरुणातले तास सुरुवातीला कमी करायचे, साधारण जेवढी झोप प्रत्यक्षात लागते तेवढेच, पण पाचाच्या खाली सहसा नाही. झोप सलग व्हायला लागली की ते हळूहळू वाढवायचे. पहिले काही आठवडे कठीण जातात, दुखणं वाढतं, दिवसा पेंग येते. त्या काळात दुचाकी चालवू नये.

आता हे दोन खोल्यांच्या घरात करून पाहा. दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर, तिथे सासूबाई झोपलेल्या. पाट घेऊन ओट्याशी बसलं तर त्या उठून विचारतात, "काय गं, बरं वाटत नाही का?" पुढच्या खोलीत दिवा लावला तर मुलाच्या परीक्षेची आठवण करून दिली जाते. दुपारी पडू नये असं डॉक्टर सांगतात, तर घरातली मायेची माणसं म्हणतात, "पड जरा, रात्री झोप नाही झाली तुझी." एरवी आळशी म्हणणारी आणि मायेने पड म्हणणारी, दोघंही नकळत उपचारच मोडतात. ही पद्धत स्वतःची खोली असलेल्या माणसाला समोर ठेवून बेतलेली आहे. म्हणून आपल्याकडे ती रुग्णाला एकटीला शिकवून भागणार नाही. नवरा, सासू, मोठी मुलं यांना समोर बसवून सांगायला हवं: रात्री ती उठून बसली तर विचारू नका, दिवा मंद ठेवा, आणि पाण्याला दुसऱ्या कुणीतरी उठा. आमच्याकडे पाण्याची पाळी मुलाने घेतली. माझं दुखणं गेलेलं नाही, पण सकाळी हाताची बोटं मिटतात, चहाचा कप पडत नाही. मला हा फरक मोठा आहे.

व्यायामही असाच, समजायला सोपा, करायला अवघड. 2017 च्या युरोपीय शिफारशींमध्ये या आजारासाठी ठाम शिफारस मिळाली ती एकट्या व्यायामाला. मी तपोवनाच्या बाजूला रोज थोडं चालते. बरं वाटलं म्हणून एका दिवशी दुप्पट चाललं की पुढचे दिवस अंथरुणात जातात, म्हणून चांगल्या दिवशीही ठरल्याइतकंच. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी हाडांत शिरते, तेव्हा उन्हं वर आल्यावर.

पंचवटीच्या कडेला म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. 1998 पासून राज्यभरातल्या वैद्यकीय, आयुर्वेद आणि परिचर्या महाविद्यालयांचा कारभार तिथून चालतो. निद्रानाशाचे वर्तनोपचार परिचारिकांना आणि समुपदेशकांना मराठीतून, आपल्या घरांना बसतील असे शिकवायला सुरुवात करायची तर याहून जवळची जागा नाही.

आणि गाव. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि वस्तीतली मर्यादा 45 डेसिबल. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ध्वनिक्षेपकाला बारापर्यंत सूट देऊ शकतं. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. घाट, रस्ते, मंडप, यात्रेकरूंचे लोंढे, हे सगळं पंचवटीच्या दारातूनच जाणार आणि आम्ही त्यांचं स्वागतच करू. पण नियोजनाच्या बैठकांत पाणी, शौचालयं आणि वाहनतळ यांच्या जोडीला रात्रीच्या आवाजाचा मुद्दाही घ्यावा, ही महापालिकेला आणि पोलिसांना विनंती. ज्यांच्या घरी कुणी दुखऱ्या अंगाने रात्र काढतंय, त्यांनी सिंहस्थाची वाट पाहू नये. उद्या पहाटे पाण्याला कोण उठणार, ते आज रात्रीच ठरवावं.