एका दिवसाची माफी

२०१७ सालच्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीची पहाट, अभ्यंगस्नाने आटोपलेली आणि आम्ही सगळे फराळाला बसलेलो. अक्काचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, दोनच दिवसांपूर्वी इंग्लंडहून आला होता. तो लीड्स शहरात नोकरीला असतो. चकलीचा तुकडा मोडता मोडता त्याने सहज सांगितले, की अकरा दिवसांपूर्वी त्याच्या शहराच्या संघाने रग्बी लीगचे विजेतेपद मिळवले आणि तेव्हापासून शेजारच्या म्हाताऱ्याने त्याच्याशी बोलणे टाकले. म्हातारा मूळचा कॅसलफर्डचा, आणि लीड्सने हरवले होते ते कॅसलफर्डलाच.

"हरले तर हरले. त्यात बोलणं टाकण्यासारखं काय झालं?" अक्का म्हणाली.

"आई, ते वर्षभर पहिले होते," भाचा म्हणाला. "आणि शेवटच्या दिवशी हरले."

अक्काने हातातली वाटी खाली ठेवली. ती माझी थोरली बहीण. पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. हिशेबात कुठे काही चुकले असले, की तिला लाडूदेखील गोड लागत नाही. "नीट सांग," ती म्हणाली.

रग्बी लीग हा आज तेरा-तेरा गड्यांचा खेळ आहे. पण तो जन्मला एका मजुरीच्या भांडणातून. त्या काळी रग्बीच्या खेळाडूने पैसा घेणे निषिद्ध होते. सुखवस्तू घरच्या मुलांना ते परवडे. उत्तर इंग्लंडमधला खाणकामगार किंवा गिरणी कामगार मात्र शनिवारी सामना खेळायला गेला, की त्या दिवसाच्या रोजाला मुकत असे. बुडालेला रोज भरून द्यावा, एवढीच उत्तरेकडील क्लबांची मागणी होती. ती मान्य होईना, तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात जमून त्यांनी आपली वेगळी चूल मांडली. केलेल्या श्रमाचे मोल पदरात पडलेच पाहिजे, हा आग्रह असा या खेळाच्या रक्तातच आहे. म्हणूनच भाच्याने पुढे जे सांगितले, ते ऐकून मला अधिकच नवल वाटले.

कॅसलफर्ड हे लीड्सजवळचे लहानसे खाणीचे गाव. शिल्पकार हेन्री मूर हा इथल्याच एका खाणकामगाराचा मुलगा. खाणी एकामागून एक बंद पडल्या. गावाला अभिमान वाटावा असे जे उरले, त्यात हा रग्बीचा संघ. १९२६ साली तो मुख्य स्पर्धेत आला आणि पुढच्या नव्वद वर्षांत साखळी सामन्यांत एकदाही पहिला आला नाही. २०१७ मध्ये आला. तीस सामन्यांपैकी पंचवीस जिंकून त्याने ५० गुण मिळवले. दुसऱ्या क्रमांकावरच्या लीड्सचे ४० होते. त्या हंगामात लीड्सशी त्याची चारदा गाठ पडली आणि चारही वेळा कॅसलफर्डच जिंकले. एकदा तर ६६ विरुद्ध १० असे.

परंतु या स्पर्धेत साखळीत पहिला येतो तो विजेता नव्हे. त्या वर्षीच्या पद्धतीप्रमाणे पहिल्या चार संघांनी पुन्हा झुंजायचे. हरला तो घरी गेला. पहिल्या क्रमांकाचे बक्षीस काय, तर एक ढाल आणि उपांत्य सामना आपल्या गावच्या मैदानावर. त्या सामन्यात कॅसलफर्ड जादा वेळेत एका गुणाने निसटले. मग ७ ऑक्टोबरला मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर सत्तर हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर लीड्सशी पाचवी गाठ पडली. सामन्याच्या अगदी तोंडावर त्यांचा एक मोहरा संघातून वगळावा लागला होता. कॅसलफर्ड २४-६ असे हरले. तीस सामन्यांच्या मिळकतीवर ऐंशी मिनिटांत बोळा फिरला.

"मग वर्षभर खेळवलं कशाला?" अक्काने विचारले.

वाचकहो, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. त्याचे एक उत्तर माझ्या भाच्याने तिथल्या तिथे दिले. तो म्हणाला, नियम सगळ्यांना आधीपासून ठाऊक होते. कॅसलफर्डने त्याच नियमांवर खेळायचे कबूल केले होते. मग तक्रार कसली? उत्तर बिनतोड वाटते. पण ते प्रश्नाला बगल देते. आधी जाहीर केलेला नियम मोडला नाही, तर फसवणूक झाली नाही एवढेच सिद्ध होते. तो नियम न्याय्य होता, हे त्यावरून ठरत नाही. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवणाऱ्यालाही अटी वाचून दाखवलेल्या असतातच.

गंमत अशी, की ही शेवटची झुंज मुळात न्यायासाठीच सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथले क्लब आपापले सामने आपणच ठरवत. कुणी जास्त सामने खेळे, कुणी कमी. कुणाच्या वाट्याला बलाढ्य प्रतिस्पर्धी, कुणाच्या वाट्याला दुबळे. विजेता ठरे तो टक्केवारीवर. असल्या तक्त्यावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून १९०६-०७ च्या हंगामापासून पहिल्या चार संघांना समोरासमोर उभे करण्याची रीत पडली. मोजमापच कच्चे होते, म्हणून पुन्हा तोलून पाहणे आले. पुढे १९७३-७४ पासून दोन विभाग पाडून सामने सारखे केले, तेव्हा साखळीतला पहिला तोच विजेता असे ठरले. ते तर्काला धरूनच होते. १९९६ साली सुपर लीग आली. तिचीही पहिली दोन विजेतेपदे तक्त्यावरच ठरली. १९९८ मध्ये मात्र ऑस्ट्रेलियाच्या वळणावर ग्रँड फायनल सुरू झाली. या वेळी कारण निराळे होते. लोकांना शेवट हवा होता; एक रात्र, एक मैदान आणि एक निकाल.

लोकांची ही भूक मी क्षुद्र मानत नाही. तिच्यातही एक नीती आहे. २०११ साली लीड्स साखळीत पाचवे होते. तक्त्यालाच शेवटचा शब्द असता, तर त्यांचा हंगाम केव्हाच संपला होता. पण दार किलकिले होते. त्यातून ते आत शिरले आणि ग्रँड फायनलमध्ये सेंट हेलन्सला ३२-१६ असे हरवून विजेते झाले. त्या रात्री जेमतेम साडेपाच फूट उंचीच्या रॉब बरो याने धिप्पाड गड्यांच्या घोळक्यातून एकट्याने चेंडू काढून जी धाव घेतली, ती पाहणारे अजून विसरलेले नाहीत. पुढे स्नायू निकामी करणाऱ्या असाध्य विकाराने त्याला गाठले आणि २०२४ मध्ये तो गेला, तेव्हा सगळ्या उत्तर इंग्लंडला ती धाव पुन्हा आठवली. पाचव्याने आशा सोडू नये, हेही न्यायाचेच एक अंग आहे. आज मागे आहे तो उद्या पुढे जाऊ शकतो, ही शक्यता नाहीशी झाली तर धडपड करायची कोणी आणि कशासाठी?

तेव्हा पाचव्याला दार उघडे ठेवावे हे मान्य. प्रश्न उरतो तो असा, की मग पहिल्याला काय द्यावे? चालकांनाही तो पडला होता. २००३ पासून त्यांनी साखळीतल्या पहिल्या संघाला ढाल द्यायला सुरुवात केली. ढाल चकचकीत आहे. पण हंगाम संपल्यावर त्या वर्षी कोण जिंकले असे विचारले, तर ढालवाल्याचे नाव कुणी सांगत नाही. मग २००९ मध्ये एक विलक्षण युक्ती काढली गेली. पहिल्या फेरीत जिंकलेल्यांपैकी जो वरच्या क्रमांकाचा, त्याने उपांत्य सामन्यातला आपला प्रतिस्पर्धी स्वतःच निवडावा. केवढा हा मान! २०११ साली पहिल्या आलेल्या वॉरिंग्टनने हा हक्क बजावून पाचव्या क्रमांकाचे लीड्स निवडले आणि ते २६-२४ असे हरले. २०१२ साली पहिल्या आलेल्या विगनने पुन्हा पाचव्याच लीड्सला निवडले आणि ते १३-१२ असे हरले. लीड्स दोन्ही वर्षी विजेते झाले. ज्याला दुबळा म्हणून बोट दाखवावे, तो पेटून उठणारच. मान म्हणून दिलेली माळ गळफास ठरली. २०१४ नंतर ही पद्धत गुंडाळली गेली. तिच्याबरोबर वरच्या चार संघांना पहिल्या आठवड्यातला एक पराभव पचवण्याची जी मुभा होती, तीही गेली. कॅसलफर्ड आले ते त्यानंतर.

इथे मला सिडनीच्या जुन्या रग्बी लीगची आठवण होते. तिथे साखळीत पहिला आलेला संघ शेवटच्या झुंजीत कुठे हरला, तर त्याला विजेत्याला पुन्हा एकदा आव्हान देण्याचा हक्क असे. १९५४ मध्ये ग्रँड फायनल अनिवार्य झाली आणि तो हक्क संपला. त्याची एक फिकट सावली आपणही दरवर्षी पाहतो. २०११ पासून आयपीएलमध्ये पहिल्या दोन संघांतला जो हरतो, त्याला अंतिम सामना गाठण्याची आणखी एक संधी मिळते. ही रीतही ऑस्ट्रेलियातलीच, १९३१ पासूनची.

घरचे मैदान, प्रतिस्पर्ध्याची निवड, चकचकीत ढाल ही सगळी बक्षिसे एकीकडे आणि ही दुसरी संधी एकीकडे. माझ्या मते खरे मोल या शेवटच्या गोष्टीतच आहे. वर्षभर सातत्याने चांगले वागणाऱ्याने काय कमावलेले असते? आपला एखादा वाईट दिवस म्हणजेच आपण नव्हे, असे म्हणण्याचा अधिकार त्याने कमावलेला असतो. तीस सामन्यांचा पुरावा त्याच्या पाठीशी असतो. एका रात्रीच्या पुराव्याने तो फिरवायचा असेल, तर निदान दोनदा तरी फिरवून दाखवा, असे म्हणण्यात गैर काय? पाचव्या संघाला एक दिवस मिळावा. पहिल्याला एका दिवसाची माफी मिळावी.

मी हे बोलून दाखवले, तेव्हा अक्का थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला ऑक्टोबर मिळाला होता. त्यांना मिळाला नाही."

तरुण वाचकांना हे कळायचे नाही. अक्का शाळेत दरवर्षी पहिली यायची. एस. एस. सी.च्या परीक्षेत गणिताच्या पेपरच्या दिवशी तिला सणकून ताप भरला. ती गेली, बसली आणि निम्मा पेपर कोरा ठेवून आली. निकालात गणितातच नापास! वडील त्या दिवशी जेवले नाहीत. पण त्या वेळी ऑक्टोबरची परीक्षा होती. अक्का तिला बसली, सुटली आणि पुढे जन्मभर तोच विषय शिकवत राहिली. ऑक्टोबर नसता तर कोरा राहिलेला निम्मा पेपर हीच तिची ओळख झाली असती.

"पण मामा," भाचा म्हणाला, "ऑक्टोबर सगळ्यांनाच होता. फक्त पहिल्या नंबरला नव्हता."

मुलगा हुशार आहे. त्याचा आक्षेप खरा होता. मला त्याचे उत्तर शोधायला वेळ लागला. परीक्षेत कितीही जण पास झाले तरी कुणाचे काही जात नाही. म्हणून तिथली माफी सर्वांना वाटता येते, ती दया असते. चषक एकच. तिथे एकाला माफ करणे म्हणजे दुसऱ्याच्या हातातला घास थांबवणे. म्हणून तिथली माफी फुकट देता येत नाही. ती कमवावी लागते. आणि ती कमावण्याचा तीस सामन्यांवाचून दुसरा मार्ग मला दिसत नाही.

यावर आणखी एक बोलणे येते. अंतिम सामना अंतिम नसेल, तर तो पाहायला कोण येईल? हे खोटे नाही. सिडनीचा तो हक्क गेला, तेव्हा असा निःसंदिग्ध शेवट हाती आला, हे मान्य केले पाहिजे. शिवाय पहिला संघ नेहमी हरतोच असेही नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी साखळीत पहिले आलेले विगनच शेवटीही जिंकले. पण बहुतेक वेळा वजन बरोबर भरते, म्हणून तराजू खरा ठरत नाही. चालकांनी निवड करावी. मात्र निवड करताना आपण एका रात्रीच्या झगमगाटासाठी कुणाचा तरी रोज कापतो आहोत, हे मनाशी कबूल करावे. १८९५ साली ज्या खेळाने बुडालेल्या रोजासाठी घर सोडले, त्याच्याकडून ही अपेक्षा जास्त आहे असे मला वाटत नाही.

भाऊबीज झाली आणि भाचा परत निघाला. अक्काने त्याच्या पिशवीत एक वेगळा डबा ठेवला. त्या म्हाताऱ्यासाठी बेसनाचे लाडू.

"काय सांगून देऊ?" त्याने विचारले.

"सांग, गणिताच्या बाईंनी दिलेत. बाई म्हणतात, तुमचे गुण आम्ही पाहिलेत."

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. म्हातारा बोलू लागला होता. हवापाण्याविषयी बोलतो, लाडवांविषयी बोलतो. सामन्याचा विषय मात्र दोघेही काढत नाहीत.