तो म्हणजे कोण?

एमिल क्रेपलिन हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ वर्गात रुग्ण आणून विद्यार्थ्यांना शिकवत. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी छापलेल्या त्यांच्या व्याख्यानांत एका अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याची हकिगत आहे. त्याला जवळपास उचलूनच आणलं होतं. तो डोळे मिटून बसला. तू कुठे आहेस, असं विचारल्यावर मोजमाप कुणाचं चाललंय आणि कुणाचं होणार आहे, हे मला ठाऊक आहे, पण सांगायची इच्छा नाही, अशा अर्थाचं काही तो बोलला. नाव विचारताच ओरडू लागला. क्रेपलिन यांनी निष्कर्ष काढला की मुलाला प्रश्न समजले आहेत, पण त्याची वाक्यं सुटीसुटी आहेत आणि समोरच्या प्रसंगाशी त्यांचा काही संबंध नाही.

1960 मध्ये आर. डी. लेंग या स्कॉटिश मनोविकारतज्ज्ञाने हीच हकिगत पुन्हा वाचली आणि वेगळंच काही ऐकलं. मुलगा प्रसंगाबद्दलच बोलतो आहे, असं लेंग म्हणाले. भरल्या वर्गात अनोळखी माणूस आपली तपासणी करतो आहे. त्या माणसाची नक्कल आणि तिला दिलेलं स्वतःचं संतापलेलं उत्तर, असे दोन आवाज त्याच्या बोलण्यात आहेत. इथे मोजमाप चाललंय, हे तर त्याने स्पष्टच सांगितलं होतं.

मुलाच्या तोंडचे शब्द तेच राहिले, बदलले ते ऐकणारे कान. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाच्या भाषेचा विचार पुढे कुठे गेला हे बघताना मला या दोन वाचनांपाशी पुन्हा पुन्हा थांबावं लागतं.

दरम्यान 1908 मध्ये झुरिकच्या ऑयगेन ब्लॉयलर यांनी या आजाराला आजचं नाव दिलं होतं. विचारांना एकमेकांशी जोडणारे धागे सैल होणं हे त्यांना आजाराच्या मुळाशी दिसलं. वाक्य तुटलं की विचारही तुटला, हे समीकरण मग अनेक दशकं टिकलं. लेंग यांनी त्याला धक्का दिला, पण त्या काळाने एक मोठा अन्यायही केला. 1948 मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान यांनी आजाराचं मूळ आईच्या वागण्यात पाहिलं. 1956 मध्ये ग्रेगरी बेटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातल्या परस्परविरोधी संदेशांच्या कात्रीत ते शोधलं. आजारी मुलाला आयुष्यभर सांभाळणाऱ्या आयांच्या माथी हा दोष मारला गेला, तोही पुरेशा पुराव्याविना. ऐकणाऱ्याने आपले कान तपासावेत, हे बरोबरच आहे. पण म्हणून आजार खोटा ठरत नाही आणि आई गुन्हेगार ठरत नाही.

1974 मध्ये एलेन चाइका या भाषाशास्त्रज्ञ स्त्रीने एका रुग्णेच्या बोलण्याचा अभ्यास करून हा भाषाक्षमतेतलाच बिघाड असावा, असं मांडलं. पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी उत्तर दिलं: यातल्या पुष्कळ चुका निरोगी माणसंही बोलता बोलता करतात. व्याकरण बहुधा शाबूत होतं. मग ऐकणारा नेमका कुठे अडखळत होता?

याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर 1979 मध्ये शेरी रॉचेस्टर आणि जे. आर. मार्टिन यांनी दिलं. त्यांनी वाक्यांमधले दुवे तपासले. ‘तो आला आणि त्याने ते घेतलं.’ व्याकरणात काही खोट नाही, पण तो म्हणजे कोण? ते म्हणजे काय? आधीच्या बोलण्यात शोधूनही सापडत नाही. शिवाय या दोघांनी हेही दाखवून दिलं की ज्याला आपण विचारविकार म्हणतो तो प्रत्यक्ष कुणाला दिसत नाही. ऐकणारा गोंधळतो आणि त्या गोंधळावरून बोलणाऱ्याच्या विचाराबद्दल अनुमान काढतो.

‘तो’ म्हणण्याआधी समोरच्याला काय ठाऊक आहे, याचा अंदाज बोलणाऱ्याला घ्यावा लागतो. इथे भाषेचा प्रश्न दुसऱ्याचं मन ओळखण्याच्या प्रश्नाला येऊन मिळाला. 1992 मध्ये लंडनच्या क्रिस फ्रिथ यांनी त्यावर सिद्धान्त मांडला. 1995 मध्ये रिअनन कॉरकोरन आणि सहकाऱ्यांनी आडून सुचवलेलं कळतं का, याची चाचणी तयार केली. आपल्या घरातलं उदाहरण घ्यायचं तर, पिशवी घेऊन निघालेल्याला कुणी ‘रवा संपत आलाय हं’ म्हटलं की रवा आणायचा आहे, हे त्याला कळावं लागतं. आजाराची लक्षणं तीव्र असताना अनेकांना हे जड जातं. लक्षणं ओसरली की जमू लागतं, असं त्या चाचणीत दिसलं, मात्र अडचण थोडीफार उरते, असं नंतरच्या अभ्यासांत आढळलं. फ्रिथ यांचा एक मुद्दा फार मोलाचा आहे. हा आजार झालेल्या माणसाला इतरांना मन असतं हे पूर्वीपासून चांगलं माहीत असतं. म्हणूनच अंदाज चुकू लागला, तरी तो अंदाज बांधायचं थांबत नाही. नसलेला हेतूही त्याला दिसतो: शेजाऱ्याच्या खोकण्यात इशारा, बातम्यांत आपलं नाव.

घरच्यांना, मराठी स्वमदत गटांत ज्यांना शुभंकर म्हणतात त्यांना, याचा थेट उपयोग आहे. सूचक बोलणं, टोमणा, अर्धवट सोडलेलं वाक्य टाळावं. ‘त्यांचा फोन आला होता’ म्हणण्याऐवजी कुणाचा, कशासाठी, हे सांगून टाकावं. ‘तू काय बोलतोस ते कळत नाही’ याऐवजी ‘तो म्हणजे कोण रे?’ असं विचारावं.

आता यंत्रंही ऐकू लागली आहेत. 2015 मध्ये अमेरिकेत धोक्याच्या उंबरठ्यावरच्या 34 तरुणांचं बोलणं संगणकाने तपासलं आणि त्यांतल्या कोणत्या पाच जणांना पुढे मनोविकृती झाली, हे अचूक ओळखलं. चौतीस ही संख्या लहान आहे आणि बोलणं इंग्रजीतलं होतं. मराठीत कर्ता गाळूनही वाक्य पुरं होतं: ‘आला, बसला, जेवला, गेला.’ कोण, ते संदर्भाने कळतं आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. इंग्रजीवर घडवलेली मोजपट्टी अशा बोलण्यात बिघाड कसा ओळखणार? त्यासाठी आधी निरोगी मराठी माणसं घरात, शेतावर, एसटीत कशी बोलतात, किती गाळतात, किती सुचवतात, याचा मोठा संग्रह हवा. त्यात वऱ्हाडी हवी, मालवणी हवी, अहिराणीही हवी. त्याआधी एखाद्या गावाकडच्या मुलाच्या बोलण्यावर यंत्राचा शेरा मारण्याचा अधिकार कुणालाच नाही.